एका नावाची दोन विद्यापीठे: काही दशकांची वाढ मोजायची कशी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही महाराष्ट्रातल्या एका जुन्या अकृषी (कृषी विद्यापीठ नसलेल्या) विद्यापीठात शिकवता. विद्यापीठाच्या महोत्सवी ग्रंथातले ‘वाढ आणि विस्तार’ हे प्रकरण तुमच्याकडे आले आहे. जुन्या वार्षिक अहवालांतून विद्यार्थ्यांचे आणि महाविद्यालयांचे आकडे काढून तुम्ही आलेख केलात, तर रेषा चढत जाते आणि तीन-चार ठिकाणी एकदम खाली येते. संपादक मंडळातले ज्येष्ठ म्हणतात, ही घसरण ग्रंथात कशाला हवी? तुम्हाला ती लपवायची नाही, पण ती का झाली हेही सांगता येत नाही. आणि मुळात वाढ मोजायची कशात, हा प्रश्न उरतोच.

मी एका सार्वजनिक विद्यापीठात तीस वर्षांहून अधिक नोकरी केली. संलग्नता विभागात, म्हणजे महाविद्यालये विद्यापीठाला जोडून घेण्याचे काम जिथे चालते तिथे, कनिष्ठ सहायक म्हणून रुजू झाले, मग बरीच वर्षे परीक्षा विभाग आणि शेवटची बारा वर्षे नियोजन व सांख्यिकी. वार्षिक अहवालातले हे आकडे दरवर्षी कुठून येतात, कोण भरतो, कुठे चुकतात, हे मी हाताने केलेले काम आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या आलेखात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. सुरुवातीचे तुमचे विद्यापीठ आणि आजचे विद्यापीठ ही एकच संस्था, लहानाची मोठी झालेली, असे तो मानतो. तसे नसते. नाव तेच राहते. हद्द बदलते, कायदा बदलतो, विद्याशाखा येतात आणि जातात. शिवाय त्या एका नावाखाली दोन विद्यापीठे नांदत असतात. एक स्वतःच्या आवारात शिकवणारे. दुसरे दूरदूरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांची परीक्षा घेऊन त्यांना पदवी देणारे. दोघांची वाढ वेगळ्या कारणांनी आणि वेगळ्या गतीने होते, आणि पुष्कळदा एकाची वाढ दुसऱ्याच्या जिवावर होते. तुमचा आलेख या दोघांची बेरीज आहे. म्हणून तो पाहून काही उमगत नाही.

आधी घसरणीचे पाहू. पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ ला सुरू झाले तेव्हा त्याच्याकडे १८ महाविद्यालये आणि आठ हजारांहून थोडे अधिक विद्यार्थी होते, पण कार्यक्षेत्र होते १२ जिल्ह्यांचे. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले आणि दक्षिणेकडचे जिल्हे तिकडे गेले. पुण्याकडे पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे आणि जळगाव हे पाच उरले. ऑगस्ट १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, धुळे आणि जळगाव गेले, तीन उरले. आता कोल्हापूरचे बघा. सुरुवातीला सोलापूर आणि रत्नागिरी त्याच्याच हद्दीत होते. रत्नागिरी आणि त्यातून पुढे झालेला सिंधुदुर्ग आज मुंबईकडे आहेत, आणि २००४ साली सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे, त्यातून १९९४ साली नांदेडचे निघाले. नागपूर १९२३ चे, त्यातून १९८३ साली अमरावती आणि २०११ साली गडचिरोलीचे गोंडवाना. सगळ्यांत जुने मुंबई विद्यापीठ तर एके काळी सिंधपासून कर्नाटकापर्यंतच्या महाविद्यालयांना पदव्या देत होते. १९४९ या एका वर्षात पुणे, गुजरात, बडोदे आणि कर्नाटक अशी चार विद्यापीठे त्याच्या जुन्या मुलखात उभी राहिली.

म्हणून त्या ज्येष्ठांना सांगा, ही घसरण नाही, ही वाटणी आहे. सोलापूरला आधी शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. ते रुजले, वाढले, तेव्हाच तिथे विद्यापीठ होऊ शकले. कोल्हापूरच्या आलेखात २००४ ला जी दरी दिसते, ती कोल्हापूरनेच चाळीस वर्षे सोलापुरात केलेल्या कामाची खूण आहे. ग्रंथात ती दाखवलीच पाहिजे, आणि तिच्यावर स्वतंत्र दोन पाने लिहिली पाहिजेत.

जिल्हे जातात तशा विद्याशाखाही जातात. या दऱ्या ओळखणे अवघड, कारण नकाशा तसाच राहतो. १९६८ साली राहुरीला कृषी विद्यापीठ झाले आणि कृषी महाविद्यालये सार्वत्रिक विद्यापीठांकडून निघाली. १९७० च्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. त्याआधी अकरावीच्या शालान्त परीक्षेनंतरचे पहिले वर्ष विद्यापीठाच्या ताब्यात होते. ते गेले आणि अकरावी-बारावी राज्य मंडळाकडे आली. मुले त्याच महाविद्यालयात, त्याच बाकांवर बसत होती, पण विद्यापीठाच्या पटावरून एक आख्खे वर्ष नाहीसे झाले, आणि तेही सगळ्यात मोठ्या पटाचे. तुमच्या आलेखात १९७५ ते १९७८ च्या सुमारास खड्डा असेल तर कारण बहुधा हेच. नंतर १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या हे सगळे तिकडे गेले. अलीकडच्या काळात लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न होणारी अभियांत्रिकी महाविद्यालयेही याच रांगेत येतात.

यात एक बारीक गोष्ट अनुभवातून सांगते. आमच्याकडे विभाजन झाले तेव्हा तोडलेल्या जिल्ह्यांतली महाविद्यालये एका तारखेला गेली, पण आधीपासून शिकत असलेल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा पुढची काही वर्षे आम्हीच घेत होतो. नवीन विद्यापीठाकडे पात्रतेची, म्हणजे नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नोंदीची, रजिस्टरे ट्रकने पाठवली. जुन्या तुकड्यांची रजिस्टरे मात्र आम्ही ठेवून घेतली, कारण नापास झालेला मुलगा पाच वर्षांनी परत आला तर त्याची नोंद आमच्याकडेच हवी. त्यामुळे महाविद्यालयांची रेषा एका वर्षात पडते आणि परीक्षार्थींची रेषा तीन-चार वर्षांत उतरते. दोन्ही रेषा एकाच कागदावर काढल्या की वाचणारा गोंधळतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

उपाय मेहनतीचा आहे, पण सरळ आहे. जुन्या वार्षिक अहवालांत महाविद्यालयांची यादी बहुधा जिल्हावार असते. आज जेवढे जिल्हे आणि ज्या विद्याशाखा तुमच्याकडे आहेत, तेवढ्यांचेच जुने आकडे वेगळे काढा आणि पहिल्या वर्षापासून एक रेषा त्यांची काढा. पूर्ण कार्यक्षेत्राची रेषा दुसऱ्या रंगात शेजारी ठेवा. पहिली रेषा सांगेल की या मुलखात शिक्षण किती पसरले. दुसरी सांगेल की विद्यापीठाच्या अंगावर एकेका काळी किती ओझे होते. दोन्ही खरे आहे, पण दोन्हींचा अर्थ वेगळा.

आता ‘विद्यार्थी’ म्हणजे कोण, हे ठरवायला हवे. यात चांगले चांगले अभ्यासक फसलेले मी पाहिले आहेत. विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या तीन मोजण्या चालतात. पात्रता विभाग नव्याने आलेल्या मुलांना मोजतो. महाविद्यालये आपापला पट कळवतात. परीक्षा विभाग परीक्षेचे अर्ज मोजतो, आणि त्यात नियमित मुलांबरोबर बहिःस्थ (वर्गात न येता परीक्षा देणारे) विद्यार्थी आणि मागचे विषय राहिलेलेही येतात. एखाद्या वर्षी अहवाल लिहिणाऱ्याला पटाचा आकडा वेळेवर मिळाला नाही की तो परीक्षार्थींचा घ्यायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पटाचा. माझ्या हाताखालून गेलेल्या जुन्या अहवालांत हे मला दोनदा सापडले. त्या एका वर्षी विद्यापीठ अचानक फुगलेले दिसते.

सत्रपद्धती आल्यावर तर हा घोळ आणखी वाढला. वार्षिक पद्धतीत एक मुलगा वर्षाला एक अर्ज भरायचा, सत्रपद्धतीत दोन. एकही विद्यार्थी न वाढता परीक्षार्थींचा आकडा दुप्पट होतो. तेव्हा प्रत्येक अभ्यासक्रमाला सत्रपद्धती कोणत्या वर्षी लागू झाली, हे विद्या परिषदेच्या, म्हणजे अभ्यासक्रमांचे निर्णय घेणाऱ्या मंडळाच्या, इतिवृत्तांतून काढून घ्या. २०१०-११ पासून केंद्र शासनाचे उच्च शिक्षण सर्वेक्षण सुरू झाले. तिथून पुढे पटाचा आकडा एका व्याख्येने मिळतो. त्याआधीच्या काळासाठी मी पात्रता विभागाची नोंद सर्वांत विश्वासाची मानते, कारण तिथे प्रत्येक माणसाचे नाव एकदाच येते.

इथून मुख्य मुद्द्याकडे वळते. शिकवणारे आणि परीक्षा घेणारे विद्यापीठ वेगळे का मोजायचे?

आपल्याकडची पहिली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या तेव्हाच्या नमुन्यावर, म्हणजे स्वतः न शिकवता परीक्षा घेऊन पदवी देणारी, अशी निघाली. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. पण त्याने स्वतःचा शिकवणारा विभाग काढला तो १९१९ साली, समाजशास्त्राचा, पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली. म्हणजे साठ वर्षे विद्यापीठ स्वतः कोणाला शिकवतच नव्हते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्याचे सुरुवातीचे पदवीधर. त्यांना शिकवले ते महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घेतली आणि पदवी दिली. पुढे पुणे, कोल्हापूर, औरंगाबाद इथे विद्यापीठे निघाली ती सुरुवातीपासून दोन्ही कामे अंगावर घेऊन. पुण्याचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या काळापासून आवारात पदव्युत्तर विभाग उभे राहत गेले, आणि त्याच वेळी संलग्न महाविद्यालयांचे जाळेही वाढत गेले.

हे जाळे पसरण्यामागे फार मोठी सामाजिक ओढ होती, हे विसरू नका. रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यात १९४७ साली आणि कराडमध्ये १९५४ साली महाविद्यालय काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात केली, तेव्हा मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठही नव्हते. तिथली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी ईबीसी ही फीची सवलत आली, आणि फी परवडत नाही म्हणून दहावी-अकरावीला थांबणारी शेतकऱ्यांची मुले महाविद्यालयात येऊ लागली. साखर कारखान्यांच्या परिसरात, तालुक्याच्या गावी महाविद्यालये उभी राहिली. १९६० आणि १९७० च्या दशकांतली वाढ ही मुख्यतः अनुदानित वाढ आहे. प्राध्यापकांचे पगार शासन देत होते, आणि महाविद्यालय निघाले की त्याच्याबरोबर पूर्ण वेळ शिक्षकही येत होते.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि वाढीचा स्वभाव बदलला. मी याच बदलाच्या लाटेत नोकरीला लागले. त्याआधी स्थानिक चौकशी समिती, म्हणजे संलग्नता मागणाऱ्या महाविद्यालयाची जागेवर जाऊन पाहणी करणारी समिती, वर्षाकाठी मोजक्या ठिकाणी जायची. समितीचा अहवाल पाना-दोन पानांचा असे आणि सदस्य ग्रंथालयातली पुस्तके हातात घेऊन बघत. पुढे पुढे एकेका हंगामात इतके प्रस्ताव येऊ लागले की सदस्यांना एका दिवसात तीन-चार महाविद्यालये उरकावी लागत. प्रस्तावांच्या फायली ठेवायला जागा नव्हती म्हणून आम्ही जिन्याखालची खोली मागून घेतली. ती खोली भरली तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आले की आमचे विद्यापीठ मोठे होत नाही, आमचा संलग्नता विभाग मोठा होतो आहे. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने नवीन महाविद्यालयांना बृहत् आराखड्याची, म्हणजे कुठे कोणते महाविद्यालय हवे हे आधी ठरवणाऱ्या आराखड्याची, चौकट घातली, २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने इरादापत्रासारखे (अंतिम परवानगीआधीच्या प्राथमिक संमतीसारखे) टप्पे आणखी घट्ट केले. तरीही सगळीकडून दबाव येई तो नवीन महाविद्यालय मंजूर करण्याचाच. चालू असलेल्या महाविद्यालयात शिक्षक आहेत का, हे कोणी तितक्या जोराने विचारत नसे.

परीक्षेचा भार किती होतो ते साध्या हिशेबाने पाहा. एका सत्रात सहा विषय धरले तर वर्षाला एका मुलाच्या बारा उत्तरपत्रिका. एक लाख मुले म्हणजे बारा लाख उत्तरपत्रिका. त्या छापायच्या, केंद्रांवर पोचवायच्या, परत आणायच्या, मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात तपासून घ्यायच्या आणि गुणपत्रिका वेळेत द्यायची, कारण मुलाचा पुढचा प्रवेश तिच्यावर अवलंबून. परीक्षेच्या महिन्यांत आवारातल्या विभागांचे प्राध्यापक, कुलगुरू, कुलसचिव सगळे त्याच कामात असतात. विद्या परिषदेच्या बैठकीत नवीन संशोधन केंद्राचा विषय पुढच्या वेळी घेऊ असे म्हणून मागे पडतो, कारण निकाल अडकलेला असतो. मी हे इतक्यांदा पाहिले आहे, की माझ्या मते आपल्या सार्वजनिक विद्यापीठांची संशोधनातली ताकद सगळ्यात जास्त कशाने खाल्ली असेल तर ती या ओझ्याने. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पंधरा वर्षांत संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवावी, असे म्हटले आहे, ते मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. ते कसे होईल हा वेगळा विषय आहे, त्यात आता शिरत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हेच ओझे विद्यापीठाला पोसतही होते. परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, पात्रता शुल्क ही विद्यापीठाची स्वतःची मोठी मिळकत. आवारातले ग्रंथालय, वसतिगृहे, नवीन विभागांची यंत्रे यांत त्या पैशाचा वाटा असतो. तालुक्याच्या गावातल्या बी.ए.च्या मुलाच्या परीक्षा शुल्कातून आवारातली प्रयोगशाळा उभी राहिली, असे लिहिले तर अतिशयोक्ती होणार नाही. तुमच्या विद्यापीठाच्या अर्थसंकल्पांत शासन अनुदान आणि स्वनिधी हे दोन रकाने दशकागणिक कसे बदलत गेले ते जरूर काढा. हे रकाने बोलके असतात, आणि महोत्सवी ग्रंथांत सहसा कोणी त्यांच्याकडे वळत नाही.

आता शिक्षक. मला एकाच आकड्यावरून विद्यापीठाची प्रकृती सांगायला सांगितली, तर मी विद्यार्थीही मागणार नाही आणि इमारतीही नाही. आवारातल्या विभागांत मंजूर पदे किती आणि भरलेली किती, एवढेच मागेन. पंचवार्षिक योजनांच्या काळात नवीन विभाग असा निघायचा: विद्यापीठ अनुदान आयोग योजनेच्या मुदतीपुरता प्राध्यापक, प्रपाठक, अधिव्याख्याता यांच्या पगाराचा भार उचलायचा, आणि मुदत संपल्यावर राज्य शासनाने तो घ्यायचा, अशी हमी आधी लागायची. ती हमी वेळेत मिळाली तिथे विभाग उभा राहिला. नाही मिळाली तिथे काय झाले, त्याची एक फाईल मी स्वतः सांभाळली आहे. आयोगाने पदे दिली होती, जाहिरातही निघाली होती, पण राज्याच्या संमतीचे पत्र येईपर्यंत योजना संपत आली आणि पदे गेली. तो विभाग आजही अहवालात ‘कार्यरत विभाग’ म्हणून छापला जातो. तिथे पुढची अनेक वर्षे एक पूर्ण वेळ शिक्षक आणि बाकी तासिका तत्त्वावरचे, असेच चालले. त्या शिक्षकांनी जीव तोडून शिकवले, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण दर तासाप्रमाणे मानधन मिळणाऱ्या माणसाला प्रयोगशाळा उभारता येत नाही, पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येत नाहीत, पाच वर्षांचा प्रकल्प मागता येत नाही.

बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि योजनांचा तो काळच संपला. म्हणून तुमच्या प्रकरणात एक तक्ता असा करा: दर पाच वर्षांनी मंजूर पदे, भरलेली पदे, तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि आवारातले विद्यार्थी. आस्थापना विभागाच्या बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदांची नोंद ठेवणाऱ्या वहीत) मंजूर आणि रिक्त दोन्ही मिळतात. हा तक्ता मागताना थोडे अवघडल्यासारखे होईल. तरी मागा. हे आकडे नसतील तर प्रकरण अपुरे राहील.

इमारतींवर फार पाने घालवू नका. छायाचित्रे लोक बघतातच. फक्त जमिनीबाबत एक काळजी घ्या. गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाला राज्यपालांच्या जुन्या निवासस्थानासह सुमारे ४११ एकर जागा मिळाली. त्या आवारात आज आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, रेडिओ खगोलभौतिकीचे राष्ट्रीय केंद्र आहे. या संस्थांमुळे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राला आणि जीवशास्त्राला शेजार लाभला, तो मोठाच. पण त्या विद्यापीठाच्या नाहीत. त्यांचे शास्त्रज्ञ, त्यांचे शोधनिबंध विद्यापीठाच्या खात्यावर मांडायचे नाहीत. तुमच्या आवारातही अशी एखादी संस्था असेल तर तिचा उल्लेख शेजारी म्हणून करा.

मुले कोण होती, यावर मात्र हवी तेवढी पाने घ्या. विद्यापीठ वाढले म्हणजे कोणासाठी वाढले, हे वार्षिक अहवालांत सहसा नसते. ते पात्रतेच्या अर्जांत असते, शिष्यवृत्तीच्या नोंदींत असते, मुलींच्या वसतिगृहाच्या प्रवेशयाद्यांत असते. आमच्याकडे मुलींच्या वसतिगृहात सुरुवातीला खोल्या रिकाम्या राहत म्हणून एक मजला पाहुण्यांसाठी ठेवला होता, अशी जुनी नोंद मी वाचली आहे. मी निवृत्त झाले तेव्हा त्याच वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीवरून दरवर्षी आंदोलन होत होते. एवढ्या दोन नोंदींत जे कळते ते टक्केवारीतून कळायला पाच तक्ते लागतील. ‘कमवा व शिका’ योजनेच्या हजेरीपटांवरही लक्ष असू द्या. बागेत, ग्रंथालयात, मुद्रणालयात काम करून शिकलेल्यांतले कितीतरी पुढे त्याच विद्यापीठात शिक्षक झाले, काही मला वरिष्ठ म्हणूनही लाभले.

याच विषयात नावांचा इतिहास येतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला, आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत माणसांनी मार खाल्ला, घरे जाळली गेली, जीव गेले. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. असे काही तुमच्या विद्यापीठाच्या वाटचालीत असेल तर ते ‘प्रशासकीय बदल’ या मथळ्याखाली एका ओळीत टाकू नका. विद्यापीठ आपले आहे असे म्हणायला लोकांना किती झगडावे लागले, हेही त्याच्या वाढीतच मोडते.

आता परिस्थितीनुसार काय बदलेल ते सांगते, कारण तुम्ही विद्यापीठाचे नाव दिलेले नाही. ते १९६० पूर्वीचे असेल तर सुरुवातीच्या दशकाचे आकडे मूळ विद्यापीठाच्या अहवालांत शोधावे लागतील, कारण ती महाविद्यालये तुमच्या विद्यापीठाच्या जन्माआधीची असतील. ते १९८० नंतरचे असेल तर तुमची पहिली मोठी चढण वारशाने आलेली आहे, तिचे श्रेय स्वतःकडे घेता येणार नाही. एकाच जिल्ह्याचे विद्यापीठ असेल तर हद्दीच्या दऱ्या नसतील, पण विद्याशाखांच्या असतील. अभियांत्रिकी महाविद्यालयांची संख्या मोठी असेल तर तुमचा आलेख पुष्कळसा प्रवेशांच्या बाजारावर हलेल, आणि त्याचा अर्थ विद्यापीठाच्या कारभारात शोधून सापडणार नाही. आणि जुनी रजिस्टरे नष्ट झाली असतील, अभिलेख कक्षात पाणी शिरणे किंवा वाळवी लागणे नवीन नाही, तर दीक्षान्त समारंभाचे अहवाल घ्या. त्यांत पदवीधरांची संख्या विद्याशाखावार छापलेली असते आणि त्यांच्या प्रती जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही सापडतात.

थोडक्यात मांडायचे तर प्रकरणाचा सांगाडा असा होईल: आजच्या हद्दीपुरती एक रेषा आणि त्या-त्या काळच्या हद्दीची दुसरी, प्रत्येक दरीखाली वर्ष आणि कारण, पट आणि परीक्षार्थी वेगवेगळे, आवारातले विद्यापीठ आणि संलग्न विद्यापीठ वेगवेगळे, मंजूर आणि भरलेल्या पदांचा तक्ता, शासन अनुदान आणि स्वनिधी यांचा तक्ता, आणि मुले कोण होती हे सांगणारा मोठा भाग.

सुरुवात कुठून करायची, असे विचाराल तर अधिसभेच्या (सिनेटच्या) इतिवृत्तांपासून करा. दर अर्थसंकल्पी बैठकीत सदस्य प्रश्न विचारतात आणि प्रशासनाला लेखी उत्तर द्यावे लागते. अमुक विभागात किती पदे रिक्त, तमुक निकाल का लांबला, वसतिगृहात किती मुलींना जागा मिळाली नाही, ही उत्तरे सहीनिशी असतात. वार्षिक अहवालात जे गाळले जाते ते तिथे सापडते. ग्रंथालयात बांधीव खंड असतील. नसतील तर सभा व दप्तर विभागात जाऊन विचारा. तिथले जुने शिपाईमामा किंवा अधीक्षक कोणते कपाट उघडायचे ते सांगतील. पहिली पाच वर्षे वाचून झाली की तुमच्या आलेखावर पेन्सिलीने वर्षे लिहा आणि कुठे अडले ते मला कळवा. पुढचे खंड कसे वाचायचे ते त्यावरून सांगते.